टॅबचं वय बिलावर नसतं

दहावीचा निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या आणि सांगलीत विश्रामबागकडच्या मोबाइलच्या दुकानांत टॅबची चौकशी वाढते. दुसरी गर्दी दसरा-दिवाळीला होते. उसाचं पहिलं बिल खात्यावर जमा झालं की तिसरी. प्रश्न ठरलेले असतात: बॅटरी किती चालेल, सिम पडतं का, हप्ते किती. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे. ‘‘नवीन अपडेट येणार आहे म्हणे. आत्ता घेऊ, की थांबू?’’ विचारणारा बहुधा अकरावीला निघालेला मुलगा असतो, वडील मागे पिशवी धरून उभे असतात आणि दुकानदार म्हणतो, ‘‘घ्या हो काका, अपडेट काय, येतच राहतंय.’’

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. अपडेट येत राहतात, पण प्रत्येक टॅबला येत नाहीत; आणि येतात ती प्रत्येक टॅबला मानवतातच असं नाही.

हा प्रश्न दरवर्षी पडतो, कारण कंपन्यांचं वेळापत्रक आणि आपलं वेळापत्रक नेमकं एकमेकांवर येतं. अ‍ॅपल दर जूनमध्ये आयपॅडओएसची पुढची आवृत्ती जाहीर करते आणि साधारण सप्टेंबरच्या मध्याला ती सगळ्यांना खुली करते. 2025 मध्ये 9 जूनला आयपॅडओएस 26 जाहीर झालं, 15 सप्टेंबरला आलं. गूगलचं अँड्रॉइड पूर्वी पावसाळा सरताना यायचं. अँड्रॉइड 16 मात्र 10 जून 2025 ला आलं. म्हणजे अँड्रॉइड अकरावीच्या प्रवेशाच्या धामधुमीत, आयपॅडओएस घटस्थापनेच्या तोंडावर.

नुसत्या सॉफ्टवेअरसाठी थांबण्यात काही हशील नाही, हे आधीच सांगून टाकतो. अपडेट फुकट असतं आणि त्या मॉडेलला यायचं असेल तर आज घेतलेल्या टॅबवरही येतं. तीन महिने थांबलात तरी हातात तेच यंत्र पडणार आणि त्यावर तीच आवृत्ती असणार. मधले तीन महिने अभ्यासाचे गेले ते वेगळेच. थांबायचंच असेल तर कारण पैशाचं असावं: नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते. बाकी काउंटरवर विचारायला हवं ते हे, की या टॅबला अपडेट कधीपर्यंत मिळणार आणि त्यातलं तिसरं-चौथं अपडेट पडल्यावर हा टॅब चालणार की रांगणार. याचं उत्तर दुकानदाराकडे सहसा नसतं. पण ते शोधता येतं.

याचा धडा आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर एकदा गिरवला आहे. 5 ऑक्टोबर 2011 ला तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब दिल्लीत सादर केला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. पडदा सात इंची, प्रोसेसर 366 मेगाहर्ट्झचा, रॅम 256 एमबी. त्यावर अँड्रॉइड 2.2 होतं, ते मे 2010 मध्ये आलेलं. बरोबर दोन आठवड्यांनी, 19 ऑक्टोबर 2011 ला, गूगलने अँड्रॉइड 4.0 जाहीर केलं. फोन आणि टॅब दोघांनाही एकच आवृत्ती चालावी अशी रचना गूगलने त्यात पहिल्यांदा केली होती. 256 एमबी रॅमवर ती चालवणं शक्यच नव्हतं. पेट्यांतून बाहेर यायच्या आधीच आकाश जुना झाला होता.

पुढे प्रकल्पाची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे आली, प्रा. दीपक फाटक यांच्या गटाने त्यात लक्ष घातलं आणि 11 नोव्हेंबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-2 आला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम, बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देणारा पडदा आणि अँड्रॉइड 4.0. यंत्र आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. पण अँड्रॉइड 4.1 त्याआधी चार महिने, जुलैमध्ये, बाजारात आलेलं होतं. आकाशला नावं ठेवणं सोपं आहे. त्या किमतीत त्या वेळी त्याहून बरं काही बसवता आलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. फसगत किमतीत नव्हतीच. आज चालतंय एवढ्यावर यंत्र निवडलं गेलं. दोन वर्षांनी त्यावर काय चालवायचं आहे, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

अपडेट म्हणजे नेमकं काय बदलतं, हे पाहिलं तर ते ठरावीक काळाने का थांबतं याचा उलगडा होतो. टॅबमधली कार्यप्रणाली ही थरांची असते. तळाशी कर्नल. अँड्रॉइडमध्ये हा लिनक्सचा असतो. प्रोसेसर, मेमरी, वीज यांची वाटणी तो करतो. त्याला चिकटून ड्रायव्हर: पडदा, कॅमेरा, वाय-फाय, ब्लूटूथ या प्रत्येक भागाशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम. त्याच्या वर अँड्रॉइडचा मुख्य डोलारा आणि सगळ्यात वर कंपनीची स्वतःची सजावट, म्हणजे आपल्याला दिसणारी चिन्हं, रंग, मेनू. आपण अपडेट म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे फक्त ही सजावट असते.

गूगलने नवं अँड्रॉइड खुलं केलं तरी ते थेट तुमच्या टॅबवर उतरत नाही. आधी चिप बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे क्वालकॉम, मीडियाटेक, युनिसॉक यांपैकी कुणीतरी, आपल्या चिपचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळवून द्यावे लागतात. मग टॅबची कंपनी त्यावर आपली सजावट चढवते, चाचण्या घेते आणि एकेका देशात थोडं थोडं सोडते. या साखळीतली पहिलीच कडी बहुतेक वेळा तुटते. तीन-चार वर्षांपूर्वीच्या स्वस्त चिपसाठी ड्रायव्हर पुन्हा लिहिण्यात चिप कंपनीला एक रुपया मिळत नसतो. तिने हात वर केले की टॅबच्या कंपनीलाही फारसं काही करता येत नाही. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 बरोबर गूगलने ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणलं, ते याच दुखण्यावर. ड्रायव्हरचा थर आणि अँड्रॉइडचा थर यांच्यामध्ये ठरावीक सांधा ठेवायचा, म्हणजे वरचा बदलताना दरवेळी खालचा उकलावा लागणार नाही. त्याचा फायदा झाला. सॅमसंगने 2024 च्या टॅब एस10 मालिकेला सात वर्षं अपडेट देण्याचं आश्वासन दिलं, ते दहा वर्षांपूर्वी कुणी दिलं नसतं. पण ती मालिका महागातली आहे. दहा-बारा हजारांच्या टॅबवर असं आश्वासन शोधावं लागतं, आणि पुष्कळदा सापडत नाही.

अ‍ॅपलची चिपही स्वतःची आणि सॉफ्टवेअरही स्वतःचं. त्यामुळे तिथली साखळी आखूड आहे, आणि कोणत्या यंत्राला का वगळलं हे तिथे जास्त स्पष्ट दिसतं. आयपॅडची सातवी पिढी सप्टेंबर 2019 मध्ये आली, आठवी 15 सप्टेंबर 2020 ला. बाहेरून दोन्ही सारख्या, पडदा 10.2 इंची, रॅम दोन्हीत 3 जीबी. फरक चिपचा. सातव्या पिढीत ए10 होतं, जे 2016 च्या आयफोन 7 साठी बनलं होतं. आठवीत ए12, म्हणजे 2018 चं. आयपॅडओएस 26 सातव्या पिढीला मिळालं नाही, आठवीला मिळालं. तेही तिच्या घोषणेला बरोबर पाच वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी.

2019 च्या दिवाळीत सातवी पिढी घेणाऱ्याने ‘यंदाचं मॉडेल’ घेतलं होतं. आतली चिप तीन वर्षं जुनी होती. म्हणून टॅब पाहताना चार तारखा वेगळ्या ठेवाव्यात: चिप कधीची, मॉडेल बाजारात कधी आलं, हा विशिष्ट नग कधी बनला आणि बिल कधी झालं. अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. वॉरंटी बिलापासून. बरेच जण या दोन्हींची गल्लत करतात आणि दुकानांतही ती होऊ दिली जाते. ‘चार वर्षं अपडेट’ असलेलं मॉडेल बाजारात येऊन अडीच वर्षं झाल्यावर घेतलंत तर तुमच्या वाट्याला दीड वर्ष येतं. सणाच्या मोठ्या सवलतीत जो माल निघतो, त्यात असा उरलेला माल बराच असतो.

काउंटरवर हे पाच मिनिटांत कळतं. खोक्याच्या बाजूला पांढरा स्टिकर असतो. कमाल किरकोळ किमतीसोबत निर्मितीचा महिना आणि वर्ष त्यावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो, बहुधा दोन अक्षरं आणि तीन-चार आकडे. तो क्रमांक आपल्या फोनवर शोधला की मॉडेल कधी आलं आणि चिप कोणती, दोन्ही सापडतं. मग दुकानातला नमुन्याचा टॅब हातात घ्यायचा, सेटिंग्जमध्ये शेवटी ‘टॅबविषयी’ असं काहीतरी असतं ते उघडायचं आणि ‘अँड्रॉइड सुरक्षा अपडेट’ या ओळीपुढची तारीख वाचायची. ती तारीख दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर कंपनी जागी आहे. वर्षापूर्वीची असेल, आणि दुकानदाराने नमुन्याच्या टॅबला वाय-फाय जोडूनही नवं काही दिसत नसेल, तर मागच्या अपडेटचे हे हाल असताना पुढच्याची वाट कशाला पाहायची?

आता चालणं आणि रांगणं. यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

टॅबच्या जाहिरातीत दोन आकडे शेजारी छापतात, ‘4 जीबी + 64 जीबी’ असे. पहिला रॅमचा, दुसरा साठवणुकीचा. सांगलीकरांना हे हळदीवरून लगेच कळेल. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं राहायची, पण सौदा पेवात होत नाही. माल वर काढून सौद्याच्या जागेत मांडावा लागतो, आणि ती जागा केवढी यावर एका वेळी किती ढीग लागतील हे ठरतं. साठवणूक म्हणजे पेव, रॅम म्हणजे सौद्याची जागा. नवी आवृत्ती आली की कार्यप्रणाली स्वतःच त्या जागेतला आधीपेक्षा मोठा हिस्सा अडवून बसते, आणि अ‍ॅपही दरवर्षी फुगत जातात. जागा मात्र कारखान्यात ठरली तेवढीच राहते. काही कंपन्या ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणून साठवणुकीतला तुकडा रॅममध्ये मोजून दाखवतात. तो फार मंद असतो. खरेदीत त्याला शून्य धरावं.

रॅम भरली की अँड्रॉइड आधी मेमरीतला मजकूर दाबून लहान करतं, आणि तेही पुरेना की मागे उघडं असलेलं एखादं अ‍ॅप सरळ बंद करतं. हे किती महागात पडतं ते राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. 2019 मध्ये राज्यभर, साताऱ्या-सांगलीतसुद्धा, सेविकांना सरकारी मोबाइल मिळाले. पोषण अभियानाच्या त्या वेळच्या ‘कॅस’ या अ‍ॅपसाठी ते घेतलेले होते. रॅम 2 जीबी. 1 मार्च 2021 पासून केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं अ‍ॅप आणलं. फोन तेच राहिले. फोन तापणं, अडकणं, भरलेली माहिती न पोचणं, अशा तक्रारींचा ढीग झाला; अ‍ॅप इंग्रजीत असल्याचं दुखणं त्यावर होतंच. तोवर वॉरंटीही संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागत होता. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये सेविकांनी राज्यभर हे मोबाइल सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं.

अशा फोनवर काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा. सेविकेने एका बाळाचं वजन, उंची, आहार अर्धा फॉर्म भरून ठेवला. फोटोसाठी कॅमेरा उघडला. कॅमेऱ्याला एकदम भरपूर मेमरी लागते, म्हणून प्रणालीने मागचं अ‍ॅप बंद केलं. फोटो काढून परत आल्यावर अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होतं. जे जतन झालं नव्हतं ते गेलं. सेविकेला वाटतं आपलंच बोट कुठेतरी चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं. अँड्रॉइड 13 च्या हलक्या ‘गो’ आवृत्तीलाच गूगलने किमान 2 जीबी रॅमची अट घातली, यावरून 2 जीबीचा फोन किती तळाचा होता ते कळावं.

साठवणुकीचंही एक दुखणं आहे, ते कमी लोकांना ठाऊक असतं. टॅबमधली फ्लॅश मेमरी पाटीसारखी पुसून लगेच लिहिता येत नाही. लिहिणं छोट्या पानांत होतं, पण पुसणं मोठ्या गठ्ठ्याने. एखादं पान बदलायचं तर आतल्या आत बराच माल इकडचा तिकडे करावा लागतो, आणि त्यासाठी मोकळी जागा लागते. मेमरी काठोकाठ भरली की ही हलवाहलव ठप्प होते आणि टॅब जागचा हलत नाही. 2012 च्या नेक्सस 7 टॅबला याचा फटका बसला. कोणती जागा मोकळी झाली हे मेमरीला कळवणारी ‘ट्रिम’ नावाची सोय अँड्रॉइडमध्ये 4.3 आवृत्तीबरोबर, 2013 मध्ये आली. तोवर तो टॅब वापरणाऱ्यांनी मंदपणाच्या तक्रारी करून झाल्या होत्या. त्यानंतर नोव्हेंबर 2014 मध्ये अँड्रॉइड 5 आलं. 1 जीबी रॅमच्या त्या यंत्राला ते झेपलं नाही, आणि एके काळी नावाजलेला टॅब अनेकांनी कपाटात ठेवून दिला.

अपडेटने यंत्र मंदावतं ही नुसती कुरकुर नाही, हे इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2018 मध्ये अधिकृतपणे म्हटलं. आयफोन 6 वर आयओएस 10 आणि गॅलेक्सी नोट 4 वर अँड्रॉइड 6 घ्यायला ग्राहकांना सतत उद्युक्त केलं, त्याने यंत्रं मंदावली आणि परत जुन्या आवृत्तीवर जायची पुरेशी सोय दिली नाही, यासाठी सॅमसंगला 50 लाख युरो आणि अ‍ॅपलला 1 कोटी युरो दंड झाला. अ‍ॅपलच्या दंडात बॅटरीची माहिती नीट न दिल्याचाही भाग होता.

परत जायची सोय नसणं, हा खरा अडचणीचा मुद्दा आहे. आयपॅडवर नवी आवृत्ती आल्यावर थोड्या दिवसांत अ‍ॅपल जुनीला मान्यता देणं थांबवते. मग ती चढतच नाही. अँड्रॉइडमध्येही सुरक्षेच्या कारणाने मागे जाणं बहुतेक ठिकाणी बंद केलेलं असतं. म्हणून खरेदी आणि अपडेट यांत घाई कुठे करायची हे ठरवावं. टॅब लागतो तेव्हा घ्यावा, मोठं अपडेट मात्र आलं त्याच दिवशी घेऊ नये. सप्टेंबर 2024 मध्ये आयपॅडओएस 18 आलं तेव्हा एम4 चिपचे काही नवेकोरे आयपॅड प्रो त्या अपडेटने बंदच पडले आणि अ‍ॅपलला त्या मॉडेलसाठी ते मागे घ्यावं लागलं. लाखभर रुपयांच्या यंत्राची ही कथा. पहिली मोठी दुरुस्ती, म्हणजे ‘.1’ ची आवृत्ती, येईपर्यंत थांबलं की बरीचशी पीडा टळते. दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या मात्र आल्या तशा घ्याव्यात; त्यांना हा नियम नाही.

आणि अपडेट घेतल्यावर पहिले दोन दिवस टॅब तापला, बॅटरी भराभर उतरली, तर लगेच बोंब मारू नका. अ‍ॅप नव्या आवृत्तीसाठी पुन्हा जुळवली जात असतात, फोटोंची आतली सूची नव्याने बनत असते. आठवड्यानंतरही तेच चालू राहिलं तर काळजीचं. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या वाचकांना आणखी एक अडचण ठाऊक असेल: दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर कित्येक जीबीचं अपडेट उतरायचं कसं? मोठी अपडेट बहुधा वाय-फाय मागतात आणि बॅटरीही निम्म्याहून जास्त भरलेली लागते. तालुक्याच्या गावी पाहुण्यांकडे मुक्काम असेल तेव्हा रात्री लावून ठेवावं, हा उपाय पुष्कळ जण करतात आणि तो चांगला आहे.

कंपनीने जाहीर केलेल्या एखाद्या खास सोयीसाठी टॅब निवडायचा असेल, तर दोनदा विचार करा. जून 2022 मध्ये अ‍ॅपलने ‘स्टेज मॅनेजर’ दाखवलं, एका पडद्यावर अनेक खिडक्या उघडायची सोय. ती फक्त एम1 चिपवरच चालेल असं सांगितलं. ओरड झाली. सप्टेंबरमध्ये 2018 आणि 2020 च्या आयपॅड प्रोलाही ती देऊ म्हणाले, आणि आयपॅडओएस 16 नेहमीच्या सप्टेंबरऐवजी 24 ऑक्टोबरला आलं. पुढे 2025 च्या आयपॅडओएस 26 मध्ये खिडक्यांची नवी व्यवस्था आली ती थेट आठव्या पिढीच्या साध्या आयपॅडवरसुद्धा. तीन वर्षांपूर्वी जे ‘शक्य नाही’ होतं ते स्वस्त यंत्रावर शक्य झालं. उलटही होतं. जून 2024 मध्ये गाजावाजा झालेल्या ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’मधला सिरीचा महत्त्वाचा भाग मार्च 2025 मध्ये पुढे ढकलला गेला, आणि त्याच महिन्यात आलेल्या अकराव्या पिढीच्या नव्या आयपॅडवर ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ चालतच नाही. अपडेटचं नाव सगळीकडे एकच, आत मिळतं ते चिप पाहून. माझं मत असं, की काउंटरवर आज जे चालवून दाखवता येतं, पैसे त्याचेच द्यावेत.

मुळात टॅब हवा का, हा प्रश्न याच्याही आधीचा आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून त्यावर आपला तोडगा काढला: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत घरातले टीव्ही-मोबाइल बंद. ते गाव यंत्राच्या विरोधात गेलं नाही, त्याने वेळ ठरवली. पण नीट, जेईई, सीईटीची तयारी करणाऱ्यांना, ‘दीक्षा’वरचे धडे पाहणाऱ्यांना मोठा पडदा लागतो. ओबीसी, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना राज्य सरकारची महाज्योती संस्था अशा तयारीसाठी टॅब देते. घरात कुणी पात्र असेल तर दुकानाआधी तो अर्ज पाहावा.

टॅब घरात येण्याची आणखी एक वाट असते. विटा-खानापूर-आटपाडीची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली माणसं देशभर पसरली आहेत. बाहेरगावी राहणारी मुलं नवा टॅब घेतात आणि जुना गावाकडे आई-वडिलांना पाठवतात. व्हिडिओ कॉल आणि भजनं यांना तो पुष्कळ झाला. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. पाठवण्याआधी आपलं गूगल किंवा अ‍ॅपल खातं त्यावरून काढावं, नाहीतर पुसून नव्याने सुरू करताना टॅब कुलूपबंद राहतो. आणि सुरक्षा अपडेट थांबलेल्या टॅबवर बँकेचं किंवा यूपीआयचं काही ठेवू नये.

आजच्या घडीला चार वर्षं वापरायचा टॅब घ्यायचा तर अँड्रॉइडमध्ये खरी 6 जीबी रॅम, 128 जीबी साठवणूक आणि मॉडेल बाजारात येऊन वर्ष न झालेलं, एवढं मी किमान मानतो. बजेट त्याच्या खाली असेल तर कमी आकड्यांचा टॅब जरूर घ्यावा, पण तो दोन वर्षांचा समजून. थांबायचं फक्त एकाच वेळी: ज्या मॉडेलवर नजर आहे त्याची पुढची पिढी महिन्या-दोन महिन्यांत येणार हे नक्की असेल आणि हातातलं काम अडत नसेल तर.

अपडेट कधीपर्यंत मिळणार, हा गोंधळ युरोपीय संघाने कायद्याने कमी केला. 20 जून 2025 पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोन आणि टॅबना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं कार्यप्रणालीची अपडेट द्यावी लागतात, आणि बॅटरी 800 वेळा भरल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान 80 टक्के राहावी लागते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर समितीचा अहवाल आला. अपडेटची शेवटची तारीख खोक्यावर छापा, अशी सक्ती अजून नाही.

ती होईपर्यंत निदान सामुदायिक खरेदी करणाऱ्यांनी ती स्वतः करावी. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती, शिक्षण संस्था, पतसंस्था दरवर्षी टॅब आणि मोबाइल घेतात. त्यांच्या निविदेत रॅम आणि पडद्याचा आकार असतो, वॉरंटी असते. त्याखाली आणखी एक अट घाला: या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील, हे उत्पादकाने लेखी द्यावं, आणि तो महिना खरेदीपासून चार वर्षांच्या आत असेल तर निविदा बाद.